ट्राम गिळणारा बडग्या

तलावाकाठची ट्राम चालवायची म्हणजे डोक्याला ताप, हे मधुकररावांना पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. मुंबईत ट्राम बंद झाली तेव्हा भंगारात निघालेला एक डबा इथल्या हौशी तलाव समितीनं नागपुरात आणला, त्याला डिझेलचं इंजिन जोडलं आणि बागेपासून घाटापर्यंत मैलभर रूळ टाकले. रेल्वेच्या छोट्या लाइनवर, म्हणजे नॅरोगेजवर, तीस वर्षं इंजिन हाकून निवृत्त झालेले मधुकरराव तिचे ड्रायव्हर. गाडी म्हणजे त्यांचा जीव की प्राण.

पण लोक! अरे, रूळ म्हणजे काय यांचं अंगण आहे? रुळांशेजारी राहणारी बायजाबाई उन्हाळाभर रुळांच्या मधोमध सांडगे वाळवायची आणि पावसाळ्यात तिथंच शेळी बांधायची. गाडी आली की हात वर करून उभी.

"थांबा ना भाऊ. एवढी काहून घाई करून राहिले? पुढं काय कलकत्ता हाय का?"

मधुकरराव दात-ओठ खात घंटा बडवत. बाई निवांत शेळी सोडी, त्याच गाडीत चढे आणि वर म्हणे, "लई हळू चालते बापा तुमची गाडी!"

पोळ्याच्या चार दिवस आधी समितीचे चिटणीस मनोहरराव एक कागद घेऊन आले. "अध्यक्षसाहेबांना गाडी बंद करायची आहे. बाकीचे नाही म्हणतात. शेवटी ठरलं, लोकांना गाडी हवी की नको, ते तुम्हीच लिहून द्यायचं. तुमचा शब्द अखेरचा."

"हवी म्हणजे काय, हवीच!" मधुकरराव म्हणाले आणि कागद खिशात घालून गाडीवर चढले.

बायजाबाईच्या दारासमोर गाडी नेहमीप्रमाणे अडली. अंगणात बांबू, खळ, रद्दी यांचा पसारा होता आणि मधोमध पुठ्ठ्याची लालभडक ट्राम. हुबेहूब!

"भाऊ, तुमची जुनी घंटा द्या ना," बाई म्हणाली. "बडग्याले पायजे."

मधुकररावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गावची इडापिडा घेऊन जाणाऱ्या मारबतीच्या पुतळ्याबरोबर बडग्या निघतो. ज्यानं लोकांना छळलं, त्याचा पुतळा करायचा, शिव्या घालत गावभर ओढायचा आणि जाळायचा. त्यात आपली ट्राम!

"काहून वं? काय वाईट केलं माया गाडीनं तुमचं?"

"अवो भाऊ, आयकून तर..."

ऐकतो कोण! त्यांनी घंटा अशी बडवली की बाईचं पुढचं बोलणं त्यात बुडून गेलं. घाटावर पोचताच त्यांनी कागदावर लिहिलं, 'लोकांना ट्राम नको. बंद करावी.' खाली सही ठोकली आणि सायकल मारत तो सीताबर्डीला मनोहररावांच्या हातात नेऊन दिला.

मारबतीच्या सकाळी मनोहरराव गाडीची किल्ली मागायला आले. मधुकररावांनी ती पुढ्यात टाकली. मग फाटकाबाहेर गलका झाला, म्हणून ते चरफडतच बाहेर गेले.

बडग्या चांगला दोन पुरुष उंच होता. ढेरपोट्या, काळ्या चष्म्याचा साहेब, आणि त्याच्या जबड्यात अर्धी गिळलेली लाल ट्राम. लोक बेंबीच्या देठापासून ओरडत होते, "ट्राम बंद करणाऱ्याले घेऊन जा गे मारबत!"

"दिसलं का आता?" बायजाबाई पुढं आली. "समितीतला कोनी तरी मेला आमची गाडी बंद करून राहिला, असं आयकलं. सांगत होती, तर घंटा बडवत सुटले!"

साहेबाच्या हातात एक पुठ्ठा होता. त्यावर लिहिलं होतं, 'ट्राम बंद करावी.' खाली सहीची जागा मोकळी.

"सही कोनाची टाकाची, ते अजून मालूम नाई ना," बाई म्हणाली.

मधुकररावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मायं नाव टाक त्यावर, बायजाबाई."

"काय गंमत करून राहिले भाऊ!" ती खो खो हसली आणि तिनं बडग्याचा दोर त्यांच्या हातात दिला. "धरा. पयला मान तुमचा."

मागून सारी गल्ली ओरडली. मधुकररावांनी दोर ओढला.