खुर्ची ठेवली की जागा आपली

“अडगळ आहे तिथेच राहू दे, पोरी,” गल्लीच्या दुसऱ्या टोकाच्या मिस झेल्मा म्हणाल्या होत्या. “अडगळ कुणी मोजत नाही. रिकामी खोली मात्र मोजतात.”

रोशेलने ते कानाआड केलं. मिस झेल्मांचं बजावणं रोजचंच होतं. ओल्या केसांनी बाहेर पडू नकोस, थंड पायरीवर बसू नकोस, पर्स जमिनीवर ठेवू नकोस, पैसा पळतो. एवढ्या इशाऱ्यांतून खरा कोणता ते निवडायचं कसं? शिवाय रोशेल कॉलेजात शिकलेली. शाळा खात्याचा इमारतींचा आराखडा तिने पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला होता, तळटिपांसकट. उत्तर फिलाडेल्फियात दुसऱ्या कुणी तो एवढा वाचला असेल असं तिला वाटत नव्हतं, आणि ते बहुधा खरंही होतं.

आराखड्यात एवढंच होतं की ज्या शाळा अर्ध्या रिकाम्या आहेत त्या बंद करून मुलं शेजारच्या शाळेत पाठवायची. विलेट स्ट्रीटच्या कोपऱ्यावरची लायडिया ब्रूक्स शाळा अर्ध्याहून जेमतेम जास्त भरलेली होती. ती बंद झाली तर रोशेलच्या सहा वर्षांच्या ओपलला रोज ब्रॉड स्ट्रीट ओलांडावी लागणार होती. रोशेल स्वतः ब्रॉड स्ट्रीट ओलांडताना दोनदा फुटपाथवर परत यायची. नवरा टेरेन्स म्हणायचा, “तू पलीकडे पोचेपर्यंत सिग्नलवाल्याची ड्यूटी बदलते.”

खात्याचा माणूस शाळा बघायला येणार असं कळलं आणि रोशेलने बाह्या सरसावल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या वर्षानुवर्षं कोंबलेल्या होत्या. एक मोडका पियानो, नाताळच्या नाटकातले देवदूतांचे पंख, एका पायाने लंगडी बाकं. माणूस हे बघेल आणि म्हणेल, शाळा कसली, भंगारखाना आहे! दोन शनिवार खपून पालकांनी सगळं खाली उतरवलं. पियानो उतरवताना टेरेन्सची कंबर धरली ती वेगळीच.

आता खोल्या लखलखीत झाल्या, पण उजाड दिसायला लागल्या. तेव्हा रोशेलला विलेट स्ट्रीटवर वाढलेल्या कुणालाही सुचेल तेच सुचलं. बर्फ पडला की इथे माणूस फावडं घेऊन आपल्या गाडीपुरती जागा मोकळी करतो आणि जाताना तिथे खुर्ची ठेवतो. खुर्ची आहे म्हणजे जागा घेतलेली आहे. त्या खुर्चीला हात लावणारा माणूस या गल्लीत अजून जन्मायचाय. मिस झेल्मांनी गाडी विकून सात वर्षं झाली होती, तरी त्यांची लाल पट्ट्यांची घडीची खुर्ची दर हिवाळ्यात रस्त्यावर यायची आणि जागा त्यांचीच राहायची.

रोशेल घरोघर फिरली. प्रत्येकाने आपापली बर्फाची खुर्ची दिली. मिस झेल्मांनीही दिली, वर एक वाक्य जोडून. “घेऊन जा. माझं ऐकायचं नाही, माझी खुर्ची मात्र चालते.”

खात्याचे मिस्टर हॅडली फार गोड स्वभावाचे निघाले. पण ते राहायचे शहराबाहेर, घरापुढे स्वतःचं अंगण, अंगणात दोन गाड्या. खुर्ची म्हणजे बसायची वस्तू, एवढंच त्यांना ठाऊक. दोन खोल्या, त्यात ओळीने मांडलेल्या खुर्च्या बघून ते खूश झाले.

“वा! मागच्या वेळी या खोल्या कोठार म्हणून लिहिल्या होत्या. आता दोन वर्ग अगदी तयार आहेत.”

“तयार म्हणजे काय, घेतलेलेच आहेत,” रोशेल अभिमानाने म्हणाली.

“कुणी?”

रोशेलने खुर्च्यांकडे बोट दाखवलं. मिस्टर हॅडलींनी खुर्च्यांकडे पाहिलं, मग रोशेलकडे, मग पुन्हा खुर्च्यांकडे. “पण इथे तर कुणीच बसलेलं नाही,” ते हळूच म्हणाले.

तेव्हा कुठे रोशेलला उमगलं. कोठाराचा हिशेब होत नव्हता. वर्गांचा होणार होता. तिने दोन शनिवार राबून शाळेत दोन रिकामे वर्ग वाढवले होते, आणि शाळा अर्ध्याच्या खाली नेऊन ठेवली होती.

“मी फेब्रुवारीत पुन्हा येणार आहे,” तिचा चेहरा बघून मिस्टर हॅडली म्हणाले. “तोवर खोल्यांत रोज काही चालत असेल, तर वापरात आहेत असं लिहीन.”

रात्री टेरेन्सने कंबर शेकता शेकता एवढंच विचारलं, “पियानो पुन्हा वर न्यायचा का?” रोशेल त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही.

मग पहिला बर्फ पडला, आणि गल्ली आपापली खुर्ची मागायला शाळेच्या दारात आली. सगळ्यांत पुढे मिस झेल्मा. तीन जिने चढून त्या वर पोचल्या तेव्हा धापा टाकत होत्या.

“बोला, मिस झेल्मा,” रोशेल खाली मान घालून म्हणाली. “मी सांगितलं होतं, असं म्हणा एकदाचं.”

“म्हणायला श्वास कुठाय?” त्या आपल्याच खुर्चीत टेकल्या. “थांब जरा. मग म्हणते.”

त्या टेकल्या असतानाच ओपलच्या वर्गातली दोन मुलं डोकावली, हातात वाचनाची पुस्तकं. मिस झेल्मांनी बोटाने बोलावलं. “ये इकडे. वाच. मोठ्याने. कुजबुजायला हे काय चर्च आहे? आणि चर्चमध्ये तरी आम्ही कुठे कुजबुजतो!”

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा आल्या. खुर्ची न्यायला, असं म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी कारणही सांगितलं नाही. मग ज्यांच्या खुर्च्या वर होत्या तेही यायला लागले, कारण मिस झेल्मा त्यांच्या खुर्चीत बसतात आणि आपली रिकामी राहते, हे कुणाला बघवेना. मुख्याध्यापिका मिसेस ओकाफोर यांनी दारावर ‘वाचनाचा वर्ग’ अशी पाटी लावली. एका खोलीत पहिलीची मुलं आजी-आजोबांना वाचून दाखवायची, दुसऱ्या खोलीत दुसरीची. त्या हिवाळ्यात विलेट स्ट्रीटवर गाड्यांच्या जागा इस्त्रीचं टेबल, प्लास्टिकचा सांता आणि कुणाच्या तरी आजोबांचा वॉकर यांनी राखल्या.

फेब्रुवारीत मिस्टर हॅडली आले तेव्हा त्यांना बसायला खुर्ची उरली नव्हती. मिस झेल्मांनी त्यांना उभं राहूनच एक पान वाचायला लावलं आणि दोन ठिकाणी थांबवलं.

मार्चमध्ये बंद करायच्या शाळांची यादी लागली. लायडिया ब्रूक्स तीत नव्हती. यंदापुरती, असं तळटिपेत होतं, आणि ती तळटीप अर्थातच रोशेलनेच वाचली. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा बघायला येणार होते.

त्यानंतरच्या सोमवारी ओपलला फ्लू झाला. बुधवारी मिसेस ओकाफोर यांचा फोन आला. ओपलची चौकशी झाल्यावर त्या म्हणाल्या, “मिस झेल्मा सोमवारपासून आल्या नाहीत. मुलं त्यांच्या खुर्चीला हात लावू देत नाहीयेत. जागा घेतलेली आहे म्हणतात.”

रोशेलने मिस झेल्मांना फोन लावला. वाजला, कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. घर गल्लीच्या दुसऱ्या टोकाला. इथे ओपलचा ताप उतरत नव्हता, टेरेन्स कामावर, आणि हा फ्लू घेऊन ऐंशीच्या बाईच्या दारात जायचं कसं? तिने पालकांच्या ग्रुपवर लिहायला घेतलं. नेहमी ती एक ओळ चार वेळा खोडायची. आज एकदाही खोडली नाही.

“हे वाचणाऱ्यांपैकी आत्ता जो कुणी घरी असेल त्याने, कृपा करून मिस झेल्मांकडे जाऊन या. घंटा बिघडलीय, दार जोरात ठोका. त्या ओरडतील, एवढं काय ठोकतोस म्हणून. ओरडू द्या. ओरडल्या की मला लगेच कळवा. नाही ओरडल्या तर तिथून हलू नका. आधी मदत बोलवा, मग मला फोन करा. त्यांची खुर्ची आम्ही राखून ठेवलीय, तेवढं सांगा.”