गिमर म्हणतात मला

मी, एक शब्द, बोलतोय. हसू नका. आजवर लोक मला बोलत आले, आज माझी पाळी. इंग्लंडच्या उत्तरेकडं, कम्ब्रियाच्या डोंगरांत, अजून एकदाही न व्यालेल्या तरुण मेंढीला गिमर म्हणतात. तो मी. मेंढा म्हणजे टप, पहिली लोकरही न कातरलेलं पोर म्हणजे हॉग; ही माझी भावंडं. दक्षिणेकडचे लोक माझ्याच मेंढीला थीव म्हणतात. म्हणोत बापडे!

हजारेक वर्षांपूर्वी समुद्रापलीकडून बोटींतून आलेल्या लोकांनी मला इथं आणलं म्हणे. मला ते आठवत नाही. मला आठवतो मेंढपाळ जॉसी माउन्सी आणि त्याचा घोगरा आवाज. शरद ऋतूत मेंढ्या निवडताना तो माझ्या नावाच्या मेंढीची पाठ चाचपायचा आणि लेकीला सांगायचा, "थर्झा, ही गिमर विकायची नाही. हिची आई गुणाची."

त्याला कारण होतं. आमच्या डोंगराला कुंपण नाही. गिमर आईच्या मागं हिंडत आपली हद्द शिकते, पुढं स्वतः व्याली की पिल्लाला शिकवते. जॉसीच्या आज्यापासून हे असंच चालत आलं होतं. त्यात माणसाला काही करावं लागतं, असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

मग लाळ्या-खुरकुताचं ते वर्ष आलं. रोग शेजारच्या खोऱ्यात निघाला, पण तो पसरू नये म्हणून सरकारी हुकमानं मारल्या गेल्या आमच्याही मेंढ्या, सगळ्याच्या सगळ्या. बंदुका वाजत होत्या तेव्हा जॉसी स्वयंपाकघरात रेडिओ मोठ्यानं लावून बसला होता. त्यानंतर बरेच दिवस त्यानं मला तोंडातून काढलंच नाही. ज्यांचं मी नाव, त्याच उरल्या नव्हत्या. मी करणार तरी काय?

पुढच्या वर्षी लांबून नव्या मेंढ्या आणल्या. जॉसीनं जन्मभराच्या सवयीनं डोंगराचं फाटक उघडलं, त्यांना वर सोडलं आणि चहाला घरी आला. सकाळी पाहतो तर डोंगर रिकामा. तेवढ्यात पलीकडच्या खोऱ्यातल्या लँटी रेल्फचा फोन आला.

"जॉसी, तुझी पाहुणेमंडळी माझ्या बायकोचा कोबी खाताहेत रे. चहा टाकू का त्यांना?"

जॉसी हसला नाही. फोन ठेवून तो खुर्चीत बसला. "मेंढरांना डोंगर शिकवावा लागतो, हे मला ठाऊकच नव्हतं गं," तो म्हणाला.

"कसं असेल, बाबा? तुमच्या मेंढ्यांना त्यांच्या आया शिकवत होत्या."

कळप डोंगरावर टिकला नाही, तर शेत सोडावं लागणार होतं. मग बापलेक रोज हद्दीवर उभे राहू लागले. पाऊस असो, गारा असोत, मेंढी ओढ्यापलीकडं निघाली की तिला मागं वळवायचं. एकदा थर्झाच्या तोंडून मी सहज निसटलो, तर जॉसी खेकसला, "गिमर म्हणू नकोस त्यांना! गिमर इथली असते. या पाहुण्या." मला फार लागलं ते. पण म्हातारा खोटं बोलत नव्हता.

त्या पाहुण्या इथंच व्याल्या. त्यांच्या लेकी वाढल्या. तोवर जॉसीला छातीच्या दुखण्यानं धरलं होतं आणि त्याची खाट खिडकीशी आली होती. एके दिवशी थर्झा काठी कोपऱ्यात ठेवून म्हणाली, "आज मी वर जाणार नाही."

"डोकं फिरलंय का तुझं? सगळं घालवशील!"

"गेलं तर गेलं, बाबा. मी जन्मभर उभी राहू शकत नाही तिथं."

दुपारपर्यंत धुक्यात काही दिसेना. मग धुकं विरळ झालं आणि कळप ओढ्याकडं उतरताना दिसला. सगळ्यांत पुढं एक कोवळी मेंढी होती. ती पाण्यापाशी थांबली, पलीकडचं गवत तिनं बराच वेळ पाहिलं आणि ती आपणहून मागं वळली. बाकीच्या तिच्यामागं वळल्या.

जॉसी कोपरावर टेकून उठला. "थर्झा," तो म्हणाला, "ती पुढची गिमर पाहिलीस?"

इतक्या वर्षांनी त्यानं एका मेंढीला माझं नाव दिलं होतं. थर्झानं तोंड फिरवून डोळे पुसले.

हिवाळ्यात जॉसी गेला. कळप आहे, शेतही आहे. पण बाजारात मेंढ्यांना आता कानातल्या बिल्ल्याच्या आकड्यानं ओळखतात, तिथं माझं काम पडत नाही. लँटीही शेत विकून शहरात मुलाकडं गेला. थर्झा मला उच्चारते ती फक्त कुत्र्याशी बोलताना. कुत्रं शेपूट हलवतं, पण मला परत बोलणारं त्या घरात कुणी नाही. मला भीती वाटते, खोटं कशाला सांगू.

तुम्ही कधी त्या वाटेनं गेलात, तर तिच्या फाटकाशी घटकाभर थांबा. "यंदा गिमरी कशा आहेत?" एवढंच विचारा. ती खूप वेळ सांगत बसेल. बऱ्याच दिवसांत तिला कुणी विचारलेलं नाही.