निळ्या कडेचा पेला

मी एक जुना पेला आहे. स्टीलचा, बुडाशी जरा चेपलेला. मित्रांनो, माझी अर्धी हयात एका शिवणकारखान्यात, पाण्याच्या पिंपाला साखळीने बांधलेल्या अवस्थेत गेली. कारखान्याच्या मालकांनी, म्हणजे मास्तरांनी, मला तिथे अडकवले ते पुण्य म्हणून. कारागीर, हमाल, रस्त्याने जाणारा कुणीही यावा, माझ्यातून पाणी प्यावे आणि मला नुसते विसळून ठेवून द्यावे. एवढ्यांची तहान भागवतो म्हणून माझे कौतुक होई, आणि खरे सांगतो, मी चढूनही गेलो होतो.

मास्तरांच्या पत्नी तिथेच बसून काजे-बटणे करीत. सगळे त्यांना मामी म्हणत. त्यांना दमा होता. मागच्या हिवाळ्यात श्वास कोंडून त्यांचे ओठ निळे पडले, तेव्हा मास्तर त्यांना उचलून दवाखान्यात धावले होते.

मग दूरच्या शहरांत फ्लूची जबर साथ आल्याची बातमी आली. मास्तरांची भाची दवाखान्यात नर्स होती. ती येऊन म्हणाली, "मामा, साथ इथे यायच्या आत तयारीला लागा. आधी हा पेला काढा."

"अगं, पाणी पाजायलाही भ्यायचं का आता?" मास्तर फणकारले. "साथ आली की बघू."

ती वाद घालत बसली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच येऊन तिने कापडावर खुणा करायचा निळा खडू कुटला आणि माझ्या कडेला चोळला. तिथे सगळ्यांचेच हात खडूने माखलेले, त्यामुळे कुणाला काही वेगळे वाटले नाही. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ज्याच्या त्याच्या ओठांवर निळा रंग! सगळे एकमेकांकडे बोट दाखवून हसून हसून बेजार झाले.

"अहो मास्तर, आधी आरसा बघा!" कुणीतरी ओरडले. मास्तरही हसू लागले.

तेवढ्यात मामींनी हातातल्या कामातून मान वर केली. "काय झालं हो?" त्यांचेही ओठ निळे होते.

मास्तरांच्या तोंडचे पाणी पळाले. "घाबरू नका मामा, पेल्याच्या कडेला मी लावलेला खडू आहे तो; पण साथही अशीच एकाच्या ओठांवरून सगळ्यांच्या ओठांवर जाईल," भाची म्हणाली. पकड आणून मास्तरांनी स्वतःच माझी साखळी तोडली. "सांग बाई, अजून काय काय करायचं?" ते भाचीला म्हणाले.

प्रत्येकाने आपला पेला आणायचा, खिडक्या उघड्या ठेवायच्या, ताप आला की घरी राहायचे, आजाऱ्याच्या दाराशी जेवण कुणी पोचवायचे, मामींनी काम घरी न्यायचे, सगळे त्याच दुपारी ठरले.

साथ अजून आलेली नाही. मी फळीवर पडून असतो. मला कुणी तोंड लावत नाही, याचे वाईट वाटते. पण मित्रांनो, तुमच्या शाळेत, तुमच्या गल्लीत सगळ्यांच्या ओठांना लागणारा असा एखादा पेला असेल, तर तो आजच उचलून ठेवा. त्याला वाईट वाटेल. वाटू द्या.