पिशवीत उरलेला चिंचोका

मार्तंडाची एक खोड त्याच्या आईला, अंजनाबाईंना, जन्मभर खुपत आली. दिसेल ते मोजायचं. देवळाच्या पायऱ्या मोजणार, सीताफळातल्या बिया मोजणार, आई भाकरी थापू लागली की थापासुद्धा मोजणार. नागपूरच्या कॉलेजात गणिताचा प्राध्यापक, परदेशातल्या मासिकात नाव छापून आलेलं, रेडिओवर बोलावणं. आणि रविवार उजाडला की हा शहाणा आठवडी बाजारात, वांगी-टमाट्यांच्या शेजारी सतरंजी टाकून पोरांना सुतळी-काड्यांचं गणित दाखवत बसणार! बाकीचे प्रोफेसर हसत. हसेनात का. पण माणसं मोजायची नसतात, एवढं तरी याला कळावं?

अंजनाबाईंना ते फार महागात पडून कळलं होतं. खळ्यावर ज्वारी मोजताना पहिल्या पायलीला कोणी 'एक' म्हणत नसे, 'लाभ' म्हणत, मग दोन. दाण्यांची एवढी काळजी. त्याच खळ्यावर सासऱ्यांनी कौतुकानं नातवंडं मात्र सरळ एक, दोन करत मोजली. चार भरली. पुढच्या अमावास्येला तीनच राहिली.

म्हणून बाजारातल्या पोरांची सहल निघाली त्या दिवशी सकाळी, नागपूरच्या जरीपटक्यात, कन्हान नदीकाठच्या मौद्याला निघालेल्या ट्रकच्या फळीशी मार्तंडानं बोट उचलून "एक, दोन" सुरू करताच त्यांनी त्याचा हात खाली ओढला.

"पोट्टे काय कोहळे हायेत काय गा, मोजून ट्रकात भराले?"

मार्तंड हसला. अख्ख्या विदर्भाला मोजायला शिकवणाऱ्या माणसानं आईपुढे मोजणी सोडून दिली.

कन्हानच्या वाळूत दिवस झकास गेला. पाण्यात पाय न घालता नदीची रुंदी कशी काढायची, ते मार्तंडानं काठ्या रोवून, सुतळी ताणून दाखवलं. दुपारी अंजनाबाईंनी भाजी-भाकर वाढली. वाढताना त्यांची जुनी रीत. पानावर भाकर पडली की एक चिंचोका कमरेच्या पिशवीत. लग्नाच्या पंगतीतही त्या असंच करत. कोणाला मोजलं नाही, अन् अन्न कमी पडलं नाही.

चार वाजता पोरं ट्रकमध्ये चढली. ड्रायव्हर बळीरामनं हॉर्न दिला.

"सगळे आले काय रे?" मार्तंडानं विचारलं.

"हो सर!" अख्खा ट्रक ओरडला.

अंजनाबाईंनी ट्रकभर नजर फिरवली. सगळे म्हणजे किती? पोरं चार मोहल्ल्यांतली, एकमेकांची नावंही धड ठाऊक नाहीत. मार्तंडाचा चेहरा उतरला. सकाळची आठवण त्यानं करून दिली नाही, आणि तेच त्यांना जास्त लागलं.

त्याची नजर त्यांच्या पिशवीवर गेली. "माय, चिंचोके?"

"हरेक पोराच्या पानाले एक. मोठ्यायचा टाकलाच नाही."

"मग एकेकाच्या हातावर ठेव."

पोरं एकेक करून खाली उतरली. अंजनाबाई एकेकाच्या हातावर चिंचोका ठेवत गेल्या. शेवटच्या तळहातावर चिंचोका ठेवून त्यांनी पिशवी चाचपली. तळाशी एक उरला होता.

"कोणाच्या नावानं दोनदा तर नाही टाकला, माय?"

"दुसऱ्या भाकरीले मी चिंचोका टाकत नाही."

"सर, ती लाल फितीवाली दिसत नाही," एक पोरगी म्हणाली.

मार्तंड वाळूतून धावत सुटला. मागोमाग अंजनाबाई. पाण्याच्या अगदी कडेला दोन चपला होत्या. एवढ्याएवढ्याशा, जोडीनं ठेवलेल्या.

अंजनाबाईंनी पाण्याकडे पाहिलं. कन्हान अशीच आहे, गुडघाभर पाणी दाखवते आणि मध्येच डोह. तेव्हा मोजलं म्हणून लेकरू गेलं. आज मोजू दिलं नाही म्हणून जाणार? तिच्या मायला काय सांगायचं? हाक मारायची तर पोरीचं नावही माहीत नाही.

"पोरी वं! अवं पोरी!" त्यांनी हाक दिली.

वळणापलीकडून बारीक आवाज आला. "सर, सुतळी पुरून नाही राहिली!"

एक डोळा मिटून, काठीवरून पलीकडच्या झाडाचा नेम धरत पोरगी उभी होती. गोपिका तिचं नाव. अंजनाबाईंनी आधी तिच्या परकराचा काठ मुठीत धरून पाहिला. कोरडा होता.

"पाण्यात गेली होती काय वं?"

"पाण्यात कायले जाऊ, आजी? न उतरताच रुंदी काढाची हाय ना! चपला खुणेले ठेवल्या, तिथून पावलं मोजली."

अंजनाबाईंनी उरलेला चिंचोका तिच्या हातात कोंबला आणि ती मूठ ट्रकपर्यंत सोडली नाही. मार्तंड मान खाली घालून चालत होता.

"चूक माझीच, माय."

"चूप राय. चूक माही हाय, पण तुही मोठी. अडाणी मायनं हात वढला, अन् तू वढू देला? ज्याले मायपुढं आपलं गणित धरता येत नाही, त्यानं बाजारात सतरंजी टाकू नये. मोज आता, माह्या डोळ्यादेखत मोज. पण पहिल्या लेकराले एक नको म्हणू गा, मार्तंडा. लाभ म्हण. मग दोन."