मतांची फिटंफाट

डीलिया होरनच्या स्वयंपाकघरात फेस्टस मलोनी फक्त मतदानाच्या दिवशी पाय ठेवायचा. तसं पाहिलं तर दोघांची घरं डोंगराकडे जाणाऱ्या एकाच वाटेवर होती. मध्ये एक दगडी गडगा होता, आणि बोलायचं ते त्या गडग्यावरूनच. डीलिया विधवा, फेस्टसचं लग्नच झालेलं नव्हतं, आणि खालच्या गावाला दुसऱ्याच्या दारात कोण शिरलं हे बघायला भरपूर वेळ असायचा. मतदानाच्या दिवशी मात्र कुणी काही बोलत नसे. त्या दिवशी त्याचं तिथे असणं हा रिवाज होता.

रिवाज पाडला त्यांच्या बापांनी. देशातल्या यादवी युद्धात दोघे समोरासमोरच्या बाजूंना होते. पुढे बंदुका गेल्या आणि पक्ष आले. मलोनींचं घर फियाना फॉलचं, डीलियाच्या बापाचं फिने गेलचं. तिचा नवरा घरजावई होऊन आला, त्यामुळे तिचं माहेर आणि सासर एकच, आणि पक्षही तोच राहिला. एका निवडणुकीला सकाळपासून पाऊस कोसळत होता आणि दलदलीतली माती कापून वाळवलेलं जळण उघड्यावर पडलेलं होतं. दोन्ही म्हाताऱ्यांनी हिशेब केला. तुझं मत तिकडे, माझं इकडे, एकमेकांना खाऊन टाकणार. मग भिजत मतदानाला शाळेपर्यंत जायचं कशाला? दोघे घरी राहिले आणि जळण आत आलं. पण शेजार वेगळा आणि राजकारण वेगळं. दुसरा हळूच जाऊन मत टाकून आला तर? म्हणून मतदान संपेपर्यंत दोघांनी एकाच चुलीशी बसून एकमेकांची राखण केली. तेव्हापासून दोन्ही घरांची ती प्रथाच पडली. आता दोन्ही घरांत मिळून ही दोनच माणसं उरली होती. डीलिया जेवण करायची, मग पत्त्यांचा डाव, मग चहा आणि सफरचंदाचा केक. रात्री फेस्टस घरी जायचा तेव्हा पुढची निवडणूक कधी, हे त्याच्या मनात येऊन गेलेलं असायचं.

गेल्या वर्षी युरोपच्या करारावर सार्वमत झालं. दोन्ही मोठे पक्ष ‘हो’ म्हणा म्हणत होते, त्यामुळे गावात सगळ्यांचाच गोंधळ उडाला. पण फेस्टसला त्या कराराचा राग आला होता, तो ‘नाही’वाला झाला. डीलिया पक्षाचं ऐकून ‘हो’. म्हणजे फिटंफाट. दोघांनी डुकराचं मांस आणि कोबी खाल्ला, आणि दुसऱ्या दिवशी देशानं ‘नाही’ म्हटलं. घरी बसून आपण जिंकलो याची फेस्टसला मोठी गंमत वाटली.

पण सरकारला ते उत्तर पटलं नाही. ऑक्टोबरात तोच प्रश्न परत विचारायचं ठरलं. खांबांवर पुन्हा पाट्या लागल्या.

पंचाईत अशी झाली की मधल्या वर्षात फेस्टसचं मन बदललं. त्याचा पुतण्या एन्डा ज्या कारखान्यात होता तो बंद पडला, बँकांचं दिवाळं निघायची वेळ आली, आणि बातम्या बघता बघता त्याला वाटायला लागलं की अशा वादळात एकटं उभं राहण्यात शहाणपण नाही. तो मनातून ‘हो’ झाला. डीलियाही ‘हो’. दोघे एकाच बाजूचे, मग राखण कशाची करायची?

सप्टेंबर संपता संपता फेस्टसच्या पक्षाचा जिल्हा परिषद सदस्य थेडी बर्क वाटेवरून आला. एरवी तो या दोन घरांपाशी नुसती टोपी हलवून पुढे जायचा, यंदा गाडी थांबवून उतरला.

“फेस्टस, आता दोन्ही पक्ष एका बाजूला आहेत,” तो म्हणाला. “तुमच्या त्या फिटंफाटीला काही अर्थ राहिला नाही. दोघंही या मतदानाला. मी गाडी पाठवतो.”

फेस्टसनं त्याच्या नजरेला नजर न देता सांगितलं की आपण अजून ‘नाही’च आहोत, तेव्हा गाडी पाठवायची तसदी घेऊ नये. आयुष्यभर पक्षाशी इमान राखलेला माणूस पक्षाच्याच बाजूचं मत लपवून पक्षाच्या माणसाशी खोटं बोलला. त्याच संध्याकाळी गडग्यावरून तो डीलियालाही तेच म्हणाला. ती कपडे गोळा करत होती. तिनं एकदा त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली की मतदान शुक्रवारी आहे, त्या दिवशी मांस वर्ज्य, तेव्हा मासा असेल. यापलीकडे करारावर ती काहीच बोलली नाही. भांडण नको म्हणून गप्प बसली असेल, असं त्यानं धरलं.

शुक्रवारी सकाळी त्यानं दाढी केली, चांगला कोट घातला आणि गडग्याला वळसा घालून गेला. चुलीच्या कडेला खारवलेला मासा पांढऱ्या रश्शात मंद आचेवर होता. पण डीलिया टोपी आणि कोट घालून, हातात काठी धरून खुर्चीवर बसलेली.

“गाडी काढ,” ती म्हणाली. “मला शाळेत जायचंय.”

शाळेत म्हणजे मतदानाला. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. ही मत देणार, म्हणजे फिटंफाट मोडली, म्हणजे मासा ती एकटीच खाणार आणि आपण आपल्या घरी पाव कापत बसणार. पुलापाशी आल्यावर त्याला राहवेना. त्यानं गाडी कडेला घेतली.

“डीलिया, मी खोटं बोललो. या वेळी मी ‘हो’ म्हणणार आहे.”

“कधीपासून?”

“एन्डाचं काम गेलं तेव्हापासून.”

“आणि गडग्यावर मला तोंड वर करून ‘नाही’ म्हणालास?”

“मग काय सांगणार? तूही ‘हो’, मीही ‘हो’. कुठल्या तोंडानं तुझ्याकडे जेवायला यायचं?”

डीलियानं तोंड काचेकडे फिरवलं. मग तिचे खांदे हलायला लागले. आधी त्याला वाटलं ती रडतेय.

“अरे मेल्या,” ती म्हणाली, “मी ‘नाही’ म्हणणार आहे.”

त्याचा विश्वासच बसेना. तिच्या पक्षाचं काय, त्यानं विचारलं. पक्ष गेला खड्ड्यात, असं तिनं शांतपणे सांगितलं. मग ती बोलायला लागली. गेल्या वर्षी आपण ‘हो’वाल्या होतो आणि हरलो. हरलो तर हरलो. पण लोकांनी उत्तर दिल्यावर ते आवडलं नाही म्हणून परत विचारायचं, ही कुठली रीत?

“चुकलं तर दुरुस्त करायला नको?” फेस्टस म्हणाला. “गडगा पडला तर परत लावतोच ना आपण?”

“पडला तर. उभा असलेला पाडून नाही लावत.”

आता नवीन हमी दिल्या आहेत, आपल्या देशाचा माणूस युरोपच्या कारभारात कायम राहणार आहे, असं त्यानं सांगून पाहिलं. मग त्या हमी पहिल्या खेपेलाच का आणल्या नाहीत, असं तिनं विचारलं. त्याचं मत मात्र काही बदललं नाही. तिचंही नाही. आणि मग एकदम त्याच्या लक्षात आलं.

“म्हणजे फिटलंच की,” तो म्हणाला. “तुझं ‘नाही’, माझं ‘हो’. वळवू गाडी?”

डीलियानं काठीची मूठ दोन्ही हातांनी धरली.

“नको. माझी सत्तरी उलटली, फेस्टस. जन्मभर लोक मला फिने गेलची म्हणतात, आणि मी एकदाही मत दिलेलं नाही. या वेळी मला राग आलाय. तो मला माझ्या हातानं लिहायचाय.”

त्यानंही कधी दिलं नव्हतं. हे त्याला इतक्या वर्षांत जाणवलंच नव्हतं. त्यानं गाडी सुरू केली.

शाळेत मतदार यादी घेऊन बसलेल्या बाईंनी दोघांची नावं शोधून दोनदा वर बघितलं. दारात थेडी बर्क होता, त्यानं नुसती टोपी हलवली. आडोशाला दोरीनं बांधलेली पेन्सिल होती. फेस्टसनं ‘हो’पुढे फुली मारली आणि ती नीट आली की नाही हे चष्मा पुसून परत पाहिलं. पलीकडच्या आडोशात डीलियाची काठी फळीला लागल्याचा आवाज आला. ती काय करतेय हे आज कुणीच बघत नव्हतं. त्यालाही बघावंसं वाटलं नाही.

परतीच्या वाटेवर तिच्या फाटकापाशी त्यानं गाडी थांबवली, पण इंजिन चालूच ठेवलं.

“उतर की,” ती म्हणाली. “मासा काय मी एकटीनं संपवायचा?”

“आता राखण कसली? मत तर देऊन झालं. सगळ्या गावानं पाहिलं.”

“मग पाहू दे. माझा राग अजून संपला नाही. कुणाशी भांडू मी, कोंबड्यांशी?”

तो आत गेला. मासा थोडा खारट होता, बटाटे फुटून पिठूळ झाले होते, आणि दोघे चुलीशी बसून करारावर यथेच्छ भांडले. भांडता भांडता डीलियानं आणखी एक गोष्ट कबूल केली. डोंगरापर्यंत पाण्याची पाइपलाइन फेस्टसच्या पक्षानं आणली, त्या वर्षापासून ती मनातून त्यांच्याच बाजूची होती. सांगितलं मात्र नाही.

फेस्टसनं काटा खाली ठेवला. “म्हणजे इतक्या निवडणुका आपली दोन्ही मतं माझ्याच पक्षाची होती आणि आपण ती घरी बसवून वाया घालवली?”

“वाया कुठे गेली? जेवलास की.”

तो हसला, तो ठसका लागेपर्यंत. मग डोळे पुसत त्यानं सांगितलं की बँकांच्या या प्रकारानंतर आपण काही त्या पक्षाचे राहिलेलो नाही. बाप वर ऐकत असेल तर ऐकू दे. पण आता कुठे जायचं ते ठरलेलं नाही.

“ते लवकर ठरव,” डीलिया पत्ते पिसत म्हणाली. “म्हणजे मला दुसरी बाजू धरता येईल.”

फेस्टसनं आपले पत्ते उचलले, लावले, परत लावले.

“रविवारी सांगतो,” तो म्हणाला. “येऊन. चालेल?”

तिनं पहिलं पान टाकलं. “रविवारी कोंबडी असते,” ती म्हणाली. “टाक तुझं.”