टाकीचं तोंड

“तोंड आत घे,” हिंमतराव म्हणाले. “सीटखाली. बाहेर माहं नाव हाय.”

कय्यूम मिस्त्रीने रंधा खाली ठेवला. छकडे बांधण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. आता बुलढाण्यात मोटारींवर सागवानी बॉडी चढवायचा. हिंमतरावांच्या या लॉरीचा कंपनीकडून नुसता सांगाडा आला होता, टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली. पेट्रोल ओतायचं तोंड नळी लावून दारामागे बाहेर काढायचं ठरलं होतं. पण अकोल्याच्या पेंटरने नेमकं तिथंच मालकांचं नाव सोनेरी अक्षरांत रंगवलं. शनिवारी डिप्टी कमिशनरसाहेब मालकांच्या कापसाच्या जिनिंगवर यायचे होते. भोक पडलेलं नाव साहेबाला कसं दाखवायचं?

“मालक, आत ओतलं तं सांडन. ड्रायव्हरच्या बुडाखाली सांडन. एक बिडी पुरते.”

“मंग त्यानं बिडी सोडावी.”

“नाव दोन बोटं वर घ्या.”

“तुह्यासाठी?” हिंमतराव हसले. “साहेबाले गाडी दिसते बे. ड्रायव्हर नाही दिसत.”

ते गेले. ज्याच्याबद्दल हे बोलणं झालं तो ड्रायव्हर निवृत्ती तिथंच उभा होता, टोपी हातात घेऊन.

“करून टाका ना मिस्त्री.”

“उकंडरावले पाह्यलं का तू?”

देऊळगाव राजाच्या एका व्यापाऱ्याची गाडी कय्यूमनेच बांधली होती. तोंड आत, सांगितलं तसं. तिचा ड्रायव्हर उकंडराव कमरेपर्यंत भाजला. तीन वर्षं झाली, अजून उभ्याने जेवतो. व्यापाऱ्याने नवी गाडी घेतली आणि नवा माणूस बसवला. मिस्त्रीला कुणी एका शब्दाने दोष दिला नाही. लाकूड तडकलं असतं तर दिला असता.

“पाह्यलं,” निवृत्ती म्हणाला. “त्याच्या जागेवर लागाले आठ जण उभे होते. माह्या जागेवर सोळा राह्यतीन.”

“मी नाही करत. जाय, सांग त्याले.”

“तुम्ही नाही केलं तं मलेच करा लागन.”

निवृत्तीने करवत उचलली, गाडीत चढला, गादी बाजूला फेकली आणि स्वतःच्याच बसायच्या फळीवर करवत चालवू लागला. जन्मात कधी धरली नव्हती. पातं अडकलं, सागाचे ढलपे निघाले.

“कापून राह्यला का खाजवून राह्यला बे?”

निवृत्ती थांबला नाही. त्याच्या कपाळावरचा घाम फळीवर पडत होता.

“सरक.”

कय्यूमने करवत हिसकावली. हिंमतरावांना शिवी दिली, त्या साहेबाला दिली, शेवटची स्वतःला दिली, आणि टाकीच्या तोंडाच्या बरोबर वर वाटोळं भोक कापलं. स्वच्छ, कंपासने आखल्यासारखं. मग कानस घेतली.

“झालं की मिस्त्री. वरतून गादीच येते. कोन पाह्यते?”

“ओततानी हाताले लागन,” कय्यूम म्हणाला, आणि मान वर न करता भोकाची कड घासत राहिला.