शिळं पाणी

मी एक काचेची टाकी. दीड फूट लांब, फूटभर उंच. माझ्या आतलं सगळं सगळ्यांना दिसतं, पण मला दिसलेलं कुणाला सांगता येत नाही. आज सांगते, कारण आता माझ्यात पाणी नाही आणि सांगून कुणाचं नुकसानही नाही.

माझा जन्म परळचा, रमाकांतच्या दुकानातला. दुकान कसलं, जिन्याखालची जागा. रमाकांतने पाच काचा कापल्या, सांधल्या, आणि मला पाण्याने भरून दोन दिवस वर्तमानपत्रावर ठेवलं. कागद कोरडा राहिला. “पास,” तो म्हणाला. माझं शिक्षण एवढंच.

मला न्यायला आले हेरंब आणि तेजस्वी. लग्नाला जेमतेम दीड महिना झालेला. हेरंबने तीन केशरी गोल्डफिश निवडले आणि एक काळा. एवढ्यात त्याला ऑफिसातून फोन आला आणि तो बाहेर गेला. त्यामुळे रमाकांतचं बोलणं एकट्या तेजस्वीने ऐकलं.

“वहिनी, नीट ऐका. दोन-तीन दिवसांत पाणी दुधाळ होईल. घाबरायचं नाही. ती घाण नसते. पाण्यात बारीक जीव वाढत असतात. त्यातलेच काही स्पंजात, दगडांत घर करतात आणि माशांची घाण निस्तरतात. त्यांचं बस्तान बसू द्या. आठवड्याने चौथा हिस्सा पाणी बदला, तेही आदल्या दिवशी भरून ठेवलेलं. स्पंज नळाखाली धरू नका. खाणं चिमूटभर. बाकी काही करू नका. लोकांना हेच जमत नाही बघा, काही न करणं.”

तेजस्वीने मान हलवली. तिला सगळं समजलं होतं. माझ्या गोष्टीतली अडचण तिथूनच सुरू होते.

घर लालबागला, चाळीत दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. त्या घरात नवीन आलेल्या आम्ही दोघीच. येणारा-जाणारा आधी मला बघायचा, मग तिला. मला टिचक्या मारायचे, तिला प्रश्न विचारायचे. वरळी कोळीवाड्याची मुलगी, आई मासळी विकते, हे कळल्यावर तर हमखास: “कोळणीची लेक आणि इतकी गप्प?”

“आईने बोलून संपवलंय सगळं,” ती हसून म्हणायची. तेवढंच.

सासूचं नाव शांता. बाई वाईट नव्हती. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुम्हाला तसं वाटेल. मूळची मालवणकडची, घर आरशासारखं ठेवणारी. तेजस्वीने पहिल्याच आठवड्यात कालवणाला आपल्या माहेरचं वाटण सुचवलं, तेव्हा शांताबाई इतकंच म्हणाली, “आमच्यात तसं नसतं हां.” ते रागाने म्हटलेलं नव्हतं. राग असता तर निदान समजूत काढता आली असती.

तिसऱ्या दिवशी माझं पाणी तांदळाच्या धुवणासारखं झालं. शेजारीण डोकावली.

“शांते, मासे पाळलेस की पेज घातलीस गो?”

अख्खी गॅलरी हसली. शांताबाईही हसली, पण तिचे कान लाल झालेले मला जवळून दिसले.

दुसऱ्या दिवशी पहाटे नळ आला. त्या घराचा नेम असा की रात्रीचं पाणी सकाळी कुणी प्यायचं नाही. हंडा, कळशी, सगळं ओतायचं, घासायचं, ताजं भरायचं. त्या सकाळी हंड्यानंतर माझा नंबर लागला.

“माणसाला आपण शिळं पाणी देत नाही,” शांताबाई म्हणाली, “मग ह्या मुक्या जिवांनी काय पाप केलंय?”

मासे टोपात गेले. माझं पाणी मोरीत गेलं. स्पंज नळाखाली पिळून निघाला. दोन बादल्या ताजं, नळाच्या औषधाचा वास येणारं पाणी माझ्यात पडलं. मी लख्ख झाले. तेजस्वी दाराशी उभी होती, हातात टॉवेल घेऊन.

संध्याकाळपर्यंत चाललं. मग पुन्हा धुरकट. की दुसऱ्या सकाळी पुन्हा दोन बादल्या. बस्तान बसायला आलेले ते बारीक जीव रोज मोरीतून वाहून जात होते, आणि शांताबाई रोज नव्या जोमाने बाह्या सरसावत होती. इतक्या मायेने कुणाचं वाटोळं झालेलं मी पाहिलं नव्हतं.

सहाव्या दिवशी पहिला केशरी गेला. “घरावरचं काहीतरी घेऊन गेला बिचारा,” शांताबाई म्हणाली आणि तिने त्याला कुंडीत पुरलं. पुढच्या आठवड्यात दुसरा, मग तिसरा. तेजस्वीने हेरंबला एकदा सांगून बघितलं.

“अरे, पाणी रोज नसतं बदलायचं.”

“मग सांग ना आईला.”

“तू सांग. तुझी आई आहे.”

“तिच्या सकाळच्या कामात मी नाही पडत, तेजू. बाबा होते तेपण नाही पडायचे.”

उरला काळा. तो दगडांमागे बसून राहायचा.

मग शिमगा आला आणि शांताबाई गावी निघाली. उंबऱ्यातून वळून म्हणाली, “पाणी बदलत जा गो. विसरशील.”

“हो आई,” तेजस्वी म्हणाली, आणि तिने मला हात लावला नाही.

बारा-तेरा दिवस मी धुरकट होते. रोज सकाळी ती माझ्यासमोर चहा घेऊन बसायची आणि काही करायची नाही. आठवड्याला फक्त अर्धी बादली शिळं पाणी, मोजून. मग एका सकाळी माझ्यातून पलीकडची भिंत दिसायला लागली. काळा बाहेर आला आणि काचेला तोंड लावून उभा राहिला.

“आलास का?” तेजस्वी म्हणाली. “बस तिथेच. काय म्हणतोयस?”

आणि काय सांगू, ती बोलायला लागली. कोळीवाड्यातल्या होड्यांचं, आईच्या भांडणांचं, वाटणाचंसुद्धा. शेवटच्या दोन दिवसांत तर ती माझ्यापुढे पाठच करत होती: “आई, मला तुम्हाला पाण्याबद्दल एक सांगायचंय.”

शांताबाई परत आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी तिची नजर माझ्यावर गेली, आणि तिने शेजारणीला हाताला धरून आत ओढलं.

“ये, ये, बघ! आता म्हण पेज! माझ्या सुनेने एकटीने केलंय हां. रोज दोन-दोन बादल्या. आहे का तुझ्या सुनेत धमक?”

तेजस्वीने तोंड उघडलं होतं. ते तसंच मिटलं. टोमण्याला ती उत्तर देऊ शकली असती. कौतुकाने तिची बोलती बंद झाली.

दुसऱ्या सकाळी नळ आला.

“इतके दिवस तू केलंस, आज बस तू,” शांताबाई म्हणाली. “दगडपण घासते. राप बसला असेल.” आणि तिने भांड्यांचा साबण काढला.

“आई…”

“काय गो?”

नळ वाहत होता. काळा टोपात गोल फिरत होता.

“बादली देऊ?” तेजस्वी म्हणाली.

दुपारी काळा आडवा झाला. शांताबाई माझ्यासमोर फतकल मारून बसली आणि लहान मुलीसारखी रडली. “तुझ्या हाताला गुण आहे गो. माझा हात लागला आणि गेला.”

हे मात्र तेजस्वीला सोसवलं नाही. तिने सगळं सांगितलं. रमाकांत, स्पंज, ते बारीक जीव, ते तेरा दिवस. शांताबाई ऐकत राहिली. मग पदराने नाक पुसत म्हणाली,

“मगे बोललीस का नाय? मी काय गिळलं असतं तुला?”

गिळलं नसतं. तिच्याकडे बघून ते स्पष्ट कळत होतं. तेजस्वीला कळलं, मलाही कळलं. काळ्याला त्याचा उपयोग नव्हता.

आता मी गॅलरीत असते. माझ्यात कांदे-बटाटे ठेवतात. “परत मासे आणूया,” हेरंब म्हणाला होता, पण दोघींपैकी कुणीच हो म्हटलं नाही. कालवणाला आता कधी कधी कोळीवाड्याचं वाटण असतं, वास इथपर्यंत येतो. बरं वाटतं. पण चार जीव गेल्यावर ते आलं.

उद्या कुणी माझ्यासारखी एखादी घरी आणणार असाल, तर एवढीच विनंती आहे. पाणी धुरकट झालं तर बादलीकडे धावू नका. थांबा थोडं. आणि त्याआधी दाराशी टॉवेल घेऊन कुणी गप्प उभं आहे का, ते बघा. असेल तर त्याला विचारा. आपणहून सांगेलच असं नाही.